भाच्याला नव्याने आलेल्यांच्या शाळेत घालावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा: भावाचं कुटुंब ग्रीन कार्डावर कराडहून न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सला येतंय, भाचा १६ वर्षांचा, मराठी माध्यमातून दहावी झालेला. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की 'इंटरनॅशनल हायस्कूल' म्हणजे कच्च्या मुलांची शाळा, तिथे नको. मी इथेच सरकारी शाळेत गणित शिकवते. असं सांगणारे बहुतेक जण त्या शाळेत पाऊल न टाकलेलेच असतात. तो इंग्रजी वाचतो पण बोलायला तोंड उघडत नाही, असं असेल तर तिथेच घाला.

अमेरिकेत नव्याने आलेल्या, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठीची अशी पहिली सरकारी शाळा १९८५ मध्ये क्वीन्समधल्याच लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये निघाली. आता शहरात बऱ्याच आहेत, ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोतही आहेत. अट एवढीच की अमेरिकेत येऊन चार वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा आणि इंग्रजीच्या चाचणीत मूल कमी पडलेलं असावं. फी अर्थातच नाही.

नेहमीच्या हायस्कूलमध्ये असं मूल इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसून वर्ष काढू शकतं. इथे विज्ञानाचा शिक्षकही इंग्रजी शिकवत असतो. मी पाहिलेला एक तास सांगते. विषय घनता. टेबलाशी चौघं: बांगलादेशची मुलगी, इक्वेडोरचे दोघं, एक येमेनी मुलगा. मुलगी भागाकार करून केव्हाच मोकळी, पण निष्कर्ष लिहिताना अडली. कागदावर अर्धी वाक्यं छापलेली होती, 'तेल वर राहतं, कारण...' अशी, अर्थात इंग्रजीत. इक्वेडोरवाल्यांचा आपसात स्पॅनिशमध्ये कडाक्याचा वाद चाललेला, बाईंनी तो थांबवला नाही. पण त्या बांगलादेशी मुलीला पटवायचं तर त्यांना इंग्रजीच काढावी लागली, मोडकीतोडकी का होईना. तुमच्या भाच्याला तिथे मराठी बोलणारं कुणी भेटणं कठीण, आणि त्याच्यासाठी ते बरंच आहे.

उणी बाजूही आहे. शाळा लहान, त्यामुळे एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय मोजके. पोराच्या डोक्यात इंजिनिअरिंग असेल तर कॅल्क्युलस आहे का, कॉलेजचे वर्ग करता येतात का, हे आधीच विचारा. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला मी तिथे पाठवणार नाही. संकेतस्थळांवरच्या रेटिंगकडे मात्र ढुंकूनही बघू नका, गेल्याच महिन्यात विमानातून उतरलेल्या मुलांचे गुणही त्यात धरलेले असतात.

शाळेच्या नावापेक्षा मला क्रेडिटची काळजी जास्त वाटते. एखादा विषय पास झालं की त्याची क्रेडिट जमा होतात. हायस्कूलच्या डिप्लोमाला अशी ४४ क्रेडिट लागतात, आणि भारतातल्या अभ्यासाची किती धरायची ते शाळा ठरवते. फक्त बोर्डाची गुणपत्रिका पुरत नाही. नववीचं प्रगतिपुस्तकही इंग्रजी भाषांतरासह आणा आणि शाळेच्या काउन्सेलरसमोर बसून एकेक विषय दाखवा. तो कागद नसेल तर पोराला नववीत बसवून तेच बीजगणित पुन्हा करायला लावतील. २१ वर्षांपर्यंत मोफत शिकता येतं, म्हणून एखादं वर्ष जास्त लागलं तर बिघडत नाही. पण आलेलंच पुन्हा कशाला?

प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता असा फॉर्म मिळतो. आपले लोक तिथे ऐटीत 'इंग्रजी' लिहून येतात. मग भाषेची चाचणीच होत नाही, आणि मदतही नाही. सरळ 'मराठी' लिहा. वर्षाच्या मध्येच येणार असाल तर जागा फॅमिली वेलकम सेंटरमधून, म्हणजे शहराच्या शिक्षण खात्याच्या प्रवेश कार्यालयातून, मिळते. तिथे हव्या त्या शाळेचं नाव घेऊन मागा, ते आपणहून सुचवतीलच असं नाही.

निघेपर्यंत त्याला एक काम द्या. बालभारतीच्या साइटवर नववी-दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं दोन्ही माध्यमांत फुकट मिळतात. धडे तेच, तेव्हा दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून रोज थोडं वाचायचं. कर्ण, बहुपदी, त्वरण हे सगळं त्याला येतंच, फक्त इंग्रजी नावं बसायला हवीत. महागड्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त, असं माझं मत.

आणि लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा. कांजण्या आणि मेनिंगोकोकलची (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची) लस आपल्याकडच्या नेहमीच्या सरकारी यादीत नसते, इथे शाळेला दोन्ही लागतात. पहिला डोस घेतला की वर्गात बसू देतात, बाकीचे ठरल्या तारखांना.