वाचकांचे प्रश्न : नव्या चायनीज हॉटेलातलं पहिलं पार्सल

प्रश्न : आमच्या भागात नवं चायनीज हॉटेल सुरू झालं आहे. बसून खायची सोय नाही, फक्त पार्सल मिळतं. स्वयंपाकी कसा आहे हे पहिल्याच ऑर्डरीत कळावं, तर काय मागवावं?

उत्तर : तळलेलं काही मागवू नका. स्प्रिंग रोल कितीही उत्तम तळला तरी बंद डब्यातल्या वाफेत तो १०-१५ मिनिटांत मऊ पडतो. मग तुम्ही स्वयंपाक्याला नाही, डब्याला मार्क देता. दोघांसाठी एक अंड्याचा साधा फ्राइड राइस, लसणीवर परतलेली एखादी हिरवी भाजी, एक ग्रेव्हीचा पदार्थ आणि हॉट अँड सावर सूप पुरे.

आधी भात पाहा. शितं सुटी हवीत, अंडं बारीक तुकड्यांत सगळीकडे पसरलेलं हवं आणि डब्याच्या तळाशी तेल साचलेलं नको. भाताचा गोळा झाला असेल तर एकतर नुकताच शिजलेला गरम, ओलसर भात वापरला आहे किंवा कढईत एका वेळी फार माल टाकला आहे. कढई गच्च भरली की तिची आच उतरते आणि जिन्नस परतले न जाता आपल्याच पाण्यात वाफवले जातात. गडद तपकिरी भात दिसला तर सोया सॉस सढळ हातानं पडला आहे. तेवढ्या खारटपणाखाली बाकी चव शोधावी लागते.

भाजीखाली थोडं पाणी असतंच, ते डब्यातल्या वाफेचं. खरी परीक्षा देठाची. देठ दाताखाली कुरकुरला पाहिजे. आतपर्यंत लिबलिबीत असेल तर भाजी आधीच उकडून ठेवलेली होती.

सुपाचा तिखटपणा मुळात पांढऱ्या मिरीचा आणि आंबटपणा व्हिनेगरचा. नुसती लाल मिरची झोंबत असेल तर तो शॉर्टकट समजा. ग्रेव्हीला कच्च्या पिठाची चव आली तर कॉर्नफ्लोअर घातल्यावर तिला नीट उकळी आलेली नाही. मात्र डब्यातच उष्टा चमचा घालून खाल्लंत आणि उरलेली ग्रेव्ही नंतर पातळ झाली, तर दोष हॉटेलचा नाही. लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडतं.

प्रश्न : मुलांना तळलेलं आणि नूडल्सच हवे असतात. दोन्ही घरी येईपर्यंत बिघडतात. उपाय?

उत्तर : तळलेल्या पदार्थाचा सॉस वेगळा बांधून मागा. एकदा सॉसमध्ये घोळवून आलं की इलाज नाही. डबा हाती येताच झाकण काढा. ओव्हन २०० अंशांवर आधीच तापवून ठेवा, तुकडे जाळीवर एकमेकांना न चिकटवता मांडा आणि ५ ते ७ मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ते आणखी मऊ होतात, कारण आतलं पाणी वाफ होऊन आवरणात शिरतं.

नूडल्स गव्हाचे आणि जाड असतील तर प्रवास सोसतात. तांदळाचे रुंद, पातळ नूडल्स गार झाले की चिकटतात आणि सोडवायला गेलं की तुटतात. ते हॉटेल पायी जाण्याइतकं जवळ असेल तरच घ्या. चिकटलेल्या नूडल्सवर तेल ओतू नका. पसरट तव्यावर दोन चमचे गरम पाणी शिंपडा, मिनिटभर झाका, मग हलक्या हातानं सोडवा. सुपातले नूडल्स असतील तर सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत मागा, नाहीतर वाटेत ते सगळं सूप पिऊन फुगतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, शिवाय एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ‘व्हेज’ लिहिलेलं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. ‘हे शाकाहारी आहे ना?’ असं विचारलंत की गडबडीत ‘हो’ येतं. नेमकं विचारा : यात ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस पडतो का? सूप कशाच्या पाण्यात करता? नूडल्समध्ये अंडं आहे का? तळणीचं तेल मांसाहारी पदार्थांसाठीही तेच असतं का?

ॲलर्जीचं फक्त ॲपवरच्या सूचनेच्या रकान्यात लिहून भागवू नका, फोन करा. शेंगदाणे वगळता येतील, पण परतायला शेंगदाणा तेल आहे का आणि कढई तुमच्या पदार्थाआधी घासली जाईल का, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून मागवू नका. ग्लुटेन चालत नसेल तर नेहमीच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : उरलेला फ्राइड राइस दुसऱ्या दिवशी खावा का?

उत्तर : खावा, पण रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे. शिजवूनही तांदळातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू टिकतात. कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्यानं ते विष नाहीसं होत नाही. म्हणून जेवण झालं की लगेच भात उथळ भांड्यात पसरा आणि फार तर दोन तासांत फ्रिजमध्ये ५ अंशांखाली ठेवा. वाटेत गेलेला वेळही त्या दोन तासांत धरा. दुसऱ्या दिवशी वाटीभर भाताला एक चमचा पाणी शिंपडून, झाकून, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करा. हे एकदाच, त्यातूनही उरला तर टाकून द्या.