तिकीट काढू नका, पाकीट ठेवा

प्रश्न : नमस्कार काका, गावाकडचं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली, आत दीडशे-दोनशे पत्रं आहेत. मुलगी सातवीत आहे, तिला तिकिटं जमवायचा नाद लागलाय म्हणून सगळी पाण्यात भिजवून सोडवायचं ठरवलंय. एक विचारायचं होतं, 1972 च्या बऱ्याच पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं अजून एक लाल तिकीट आहे आणि त्यावर काळ्या शाईत ‘शरणार्थी सहायता’ असं छापलंय. हे काय आहे?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी ती पाण्याची बादली बाजूला ठेवा, हात जोडून विनंती आहे.

ते लाल तिकीट मूळचं कुटुंब नियोजनाचं. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ 1 कोटी माणसं जीव मुठीत धरून आपल्याकडे आली, त्यांच्या मदतीसाठी सरकारने 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर 5 पैसे जादा घ्यायला सुरुवात केली, फक्त पोस्टकार्डं आणि वर्तमानपत्रं सोडली होती. सुरुवातीला चालू असलेल्या 5 पैशांच्या तिकिटावरच हे शब्द छापून घेतले, या कामासाठीचं वेगळं तिकीट नंतर आलं. 31 मार्च 1973 पर्यंत हे चाललं. म्हणजे बघा, तुमच्या आजोबांना कोणी बारशाचं कळवलं असेल, कोणी पाऊस झाला का विचारलं असेल, त्या प्रत्येकाने पत्र टाकताना कुठल्यातरी छावणीतल्या माणसासाठी 5 पैसे दिलेत आणि त्याची पावती तुमच्या ट्रंकेत पडून आहे. तिकीट सोडवलंत की शिक्का अर्धा तिकिटावर अर्धा पाकिटावर राहतो, पत्ता वेगळा होतो, मग कोणी कोणाला कधी लिहिलं काहीच कळत नाही.

मुलीचा नाद मात्र अजिबात मोडू नका, उलट तिला हेच काम द्या. पुढे तिकिटावर जिथून पत्र निघालं त्या पोस्टाचा शिक्का असतो आणि मागे बऱ्याचदा जिथे पोचलं तिथला, दोन्ही तारखा वहीत लिहून पत्राला किती दिवस लागले ते काढायला सांगा. तारीख पुसट असेल तर किंमत बघायची. आणे असतील तर 1 एप्रिल 1957 च्या आधीचं तिकीट, ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतर छापलेलं, आणि 1964 मध्ये ‘नये’ गेलं नुसते ‘पैसे’ उरले (जुनी तिकिटं लोक पुढेही वापरायचे त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं). पत्त्यात पिनकोड असला तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवसापासून आला.

प्रश्न : माझ्याकडे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक तपकिरी फोटो आहे, नऊवारीतल्या पाच बायका आणि मागे पगडीवाले दोघं. घरात कोणालाच ओळखू येत नाहीत. साल कसं काढायचं? कोपरा फाटलाय, लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लॅमिनेट नको, चिकटपट्टी पण नको. आमच्या आईचा लग्नातला फोटो एका दुकानातून लॅमिनेट करून आणला होता, तो आत पिवळा पडत गेला आणि आता प्लॅस्टिक काढायला गेलं तर चेहरेच निघून येतील, मला आजही वाईट वाटतं. बटर पेपरमध्ये ठेवा, दोन्ही बाजू स्कॅन करा आणि फाटका कोपरा त्याच पाकिटात जपून ठेवा.

सालाबद्दल सांगतो. फोटो खिडकीपाशी तिरका धरा. काळ्या भागात आरशासारखी चंदेरी झाक दिसली तर तो बहुतेक जिलेटिनच्या कागदावरचा, म्हणजे नंतरच्या काळातला. तशी झाक नाही, कागद अगदी पातळ आहे आणि पांढरा भाग पिवळट झालाय, तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचा असू शकतो, ही पद्धत साधारण 1890 च्या दशकापर्यंत जोरात होती. तो कागद सुटा ठेवला की गुंडाळी व्हायची म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. आपल्याकडे हे वेड तसं लवकर आलं, मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते.

नऊवारीवरून साल ठरवू नका, ती पुढे कितीतरी वर्षं तशीच नेसली गेली. पुरुषांची डोकी जास्त सांगतात, गांधी टोपी दिसली तर फोटो 1920 च्या आसपासचा किंवा नंतरचा धरा. खुर्ची, पडदा, टेबलावरची फुलदाणी स्टुडिओची असते, त्यावरून घरची श्रीमंती मोजू नका. पुठ्ठ्याच्या खाली किंवा मागे स्टुडिओचं नाव-गाव असेल तर तोच सगळ्यात भक्कम धागा. आणि घरात ऐंशीच्या पुढची कोणी आत्या-मावशी असेल तर या रविवारीच तिच्याकडे जा, स्कॅन मोबाईलवर मोठा करून एकेक चेहरा दाखवा, ती सांगेल ते स्कॅनच्या प्रिंटमागे लिहा, मूळ फोटोवर पेन लावू नका.

प्रश्न : पणजोबांच्या गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या तिकिटांत काहींवर टांगा आणि रुपिया लिहिलंय, काहींवर सेंताव्ह आणि एस्कुद. असं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : 1959 मध्ये चलन बदललं म्हणून. आधी 16 टांगांचा 1 रुपिया होता, मग 100 सेंताव्हांचा 1 एस्कुद झाला, आणि जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापून ती पण वापरली. तिथली तिकिटं 1871 पासूनची, पण हे एस्कुदवालं पर्व तीन वर्षंही टिकलं नाही, 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि भारताची तिकिटं आली. त्या डिसेंबरच्या शिक्क्याचं एखादं पाकीट पणजोबांच्या गठ्ठ्यात असेल तर वेगळं काढून ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो मला नक्की पाठवा, मला ते मनापासून बघायचंय.