एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला, तुमच्या मते सर्वांत अविस्मरणीय हंगाम कोणता?

माझ्यासाठी २०१८-१९चा, सेंट लुईस ब्लूजचा. आणि त्यातही त्यांच्या गोलरक्षकाचा.

३ जानेवारी २०१९च्या सकाळी ३१ संघांच्या गुणतक्त्यात ब्लूज ३१वे होते. ८२पैकी ३७ सामने झालेले. प्रशिक्षक माइक यो यांना नोव्हेंबरातच घरी पाठवून क्रेग बरुबे यांना तात्पुरतं नेमलेलं. चार दिवसांनी फिलाडेल्फियात जॉर्डन बिनिंग्टन पहिल्यांदाच सुरुवातीपासून गोलपुढे उभा राहिला, आणि एकही गोल न देता सामना ३-०ने जिंकून दिला.

हा काही कुठून अवचित उगवलेला मुलगा नव्हता. ब्लूजने त्याला २०११मध्येच निवडलं होतं. २०१७-१८मध्ये त्याला खालच्या दर्जाच्या ईसीएचएल लीगमध्ये जायला सांगितलं, तर त्याने नकार दिला. मग त्याला उसना दिला प्रॉव्हिडन्सला, म्हणजे बॉस्टन ब्रुइन्सच्याच दुय्यम संघाला! हे लक्षात असू द्या.

पुढे सलग ११ विजय, ९९ गुण आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, जिथे प्रत्येक फेरीत आधी चार सामने जिंकणारा पुढे जातो. डॅलसविरुद्धचा सातवा सामना दुसऱ्या जादा वेळेपर्यंत ताणला गेला आणि गोल केला पॅट मरूनने, जो सेंट लुईसचाच पोरगा. सॅन होजेविरुद्ध तिसऱ्या सामन्यात तर हाताने ढकललेल्या पकवरून (पक म्हणजे खेळातली रबरी चकती) गोल झाला, पंचांना तो हात दिसलाच नाही आणि ब्लूज हरले. मला आजही तो निर्णय पटत नाही. पण त्यांनी कुरकुर न करता पुढचे तिन्ही सामने जिंकले.

अंतिम फेरीत समोर बॉस्टन. ब्लूज १९६८, ६९ आणि ७० अशी लागोपाठ तीन वर्षं अंतिम फेरीत एकही सामना न जिंकता हरले होते. १९७०मध्ये हरवणारा संघ बॉस्टनच. हवेत झेपावलेल्या बॉबी ऑरचा जगप्रसिद्ध फोटो आहे ना, तो गोल ब्लूजवरच झालेला.

१२ जून २०१९, सातवा सामना, तोही बॉस्टनच्या घरच्या बर्फावर. पहिल्या २० मिनिटांत बॉस्टनने १२ फटके मारले, बाराही बिनिंग्टनने अडवले. ब्लूजने मारले फक्त चार, त्यातले दोन आत: रायन ओ'रायली आणि कर्णधार अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो. शेवट ४-१. बॉस्टनचा एकमेव गोल झाला तेव्हा जेमतेम दोन मिनिटं उरली होती.

५२ वर्षांत सेंट लुईसचा पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक ओ'रायलीला गेला. रास्तच होतं, पण माझं मत तेव्हाही बिनिंग्टनलाच होतं.