छावणीत जायच्या आधी

अगं, कर्वे रोडवरचा समुपदेशनाचा वीकेंड कोर्स झाला म्हणून लगेच मणिपूरचं तिकीट काढू नकोस. मे २०२३ नंतरच्या कुकी-मैतेई हिंसाचारात ज्यांची घरं जळली, त्यांना पहिल्याच भेटीत 'सगळं सांगा' म्हणायचं नसतं. एका बैठकीत सगळं वदवून घेणं जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. आधी झोप, औषधं, हरवलेल्या माणसांचा पत्ता.

मग नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी नीट शीक, म्हणजे आयुष्याची गोष्ट क्रमाने सांगत भयंकर आठवणींना सामोरं जायची उपचारपद्धत. जमिनीवर दोरी पसरायची, जन्मापासून आजपर्यंतची. चांगल्या प्रसंगाला फूल, भयंकर प्रसंगाला दगड. त्या दिवशी दगडाला फक्त नाव द्यायचं, तपशिलात शिरायचं नाही. तो पुढच्या बैठकांत, एकेक करून. नवशिके नेमके इथेच घाई करतात! मंडईतून फुलं आणा आणि आधी एकमेकींवर सराव करा.

युगांडात निर्वासितांनाच ही पद्धत शिकवली होती, आणि त्यांनी ती उत्तम चालवली. म्हणून तूही तिथल्याच शिक्षिका, नर्स यांना तयार कर. तू परतशील, त्या राहतील.

दुभाष्याचं मात्र आधी बघ. कुकी छावणीत मैतेई दुभाषी नेलास तर कोणी तोंड उघडणार नाही, उलटही तेच. आणि सुपरव्हिजनला, म्हणजे तुझ्या कामावर नजर ठेवून सल्ला द्यायला, कोण, कधी, हे निघण्यापूर्वी ठरव. तिथे फोनला रेंज मिळेलच असं नाही.