फ्रेंच लेखनातील अक्षरांवरच्या खुणा कशा समजून घ्याव्यात?

फ्रेंच शब्दांतील अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबे उच्चारासाठी असतात, की ती नुसतीच पाठ करावी लागतात, असे आपण विचारले आहे. दोन्ही थोडेथोडे खरे आहे. मात्र कोणती खूण कोणते काम करते हे कळले, की पाठांतर पुष्कळ हलके होते. या खुणांचा आघाताशी काही संबंध नाही, कारण फ्रेंचमध्ये आघात शब्दसमूहाच्या अखेरीस आपोआप येतो.

उच्चाराच्या दृष्टीने खरे लक्ष द्यावे ते रोमन 'ई' (e) या अक्षराकडे. शब्दाच्या शेवटी खूण नसलेला 'ई' बहुधा मुका राहतो, म्हणून 'इल पार्ल' म्हणजे 'तो बोलतो'. त्याच 'ई'वर उजवीकडे चढणारी रेघ दिली की 'इल आ पार्ले', म्हणजे 'तो बोलला'. डावीकडून उतरणारी रेघ मात्र 'ई'चा उच्चार 'ॲ'च्या जवळ नेते. 'अश्ते' म्हणजे विकत घेणे. यातला मधला 'ई' ऐकूच येत नाही. 'मी विकत घेतो' या रूपात मात्र शेवटचा 'ई' मुका होतो, उच्चाराचा भार मधल्यावर येतो, आणि म्हणून तिथे उतरती रेघ देऊन 'अशॅत' असे म्हणतात. 'ल्वे'चे 'लॅव' होते तेही याच कारणाने, त्यामुळे अशी रूपे अपवाद म्हणून घोकण्यात अर्थ नाही. 'अप्ले'सारखी काही क्रियापदे रेघेऐवजी पुढचे व्यंजन दुप्पट करतात, तेवढी वेगळी लक्षात ठेवावीत.

हीच उतरती रेघ 'ए' (a) किंवा 'यू' (u) या अक्षरांवर आली तर उच्चार बदलत नाही, फक्त अर्थ वेगळा होतो. 'ऊ' म्हणजे 'किंवा', आणि रेघेसह 'ऊ' म्हणजे 'कुठे'. 'यू'वर ही रेघ फ्रेंचमध्ये या एकाच शब्दात येते.

टोपीसारखी खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात पुष्कळदा लोप पावलेला 'एस' दडलेला असतो. फ्रेंच भाषेची अधिकृत संस्था असलेल्या फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या 1740च्या आवृत्तीत असे अनेक मुके 'एस' गेले आणि बऱ्याच ठिकाणी ही टोपी आली. म्हणूनच 'फोरे' म्हणजे अरण्य, पण 'फोरेस्त्ये' म्हणजे अरण्याविषयीचे. मूळ शब्दात गेलेला 'एस' साधित शब्दात टिकला आहे. आपल्याकडे 1962च्या नियमांपूर्वी 'नांव', 'कांहीं' यांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार देत असत, तशीच ही जुन्या उच्चाराची आठवण आहे. 1990च्या फ्रेंच शुद्धलेखन-सुधारणेने 'आय' आणि 'यू'वरची टोपी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक केली. पण 'म्यूर' म्हणजे भिंत आणि टोपीसह 'म्यूर' म्हणजे पिकलेला, अशा जोड्यांत ती आजही हवीच.

दोन टिंबे लगतचे स्वर वेगळे उच्चारायला सांगतात, जसे 'नोएल'मध्ये. 'सी'खालची शेपटी 'ए', 'ओ', 'यू' यांच्याआधी त्याचा उच्चार 'स' ठेवते. ती गाळली तर 'गार्सों'चे वाचन 'गार्कों' होईल. मोठ्या लिपीतील अक्षरांवर या खुणा गाळलेल्या पुष्कळदा दिसतात, पण अकादमीच्या मते त्या तिथेही द्यायला हव्यात, आणि आपण सुरुवातीपासून तीच सवय लावावी.