घंटी वाजायच्या आत

“डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत हो.” हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा उमटतं, की त्यातल्याच एका काकूंची हकीकत, ओळख पुसून, सांगतो.

वय 58. रक्तदाबाची गोळी चालू. सकाळी उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तीनदा दवाखान्यात जाऊन आल्या, पण नेमकं तेच सांगायचं राहिलं.

“मग बोललात कशाबद्दल?”

“गुडघे, झोप, ॲसिडिटी. अंधारीचं दाराशी आठवलं, तोवर त्यांनी पुढच्या पेशंटची घंटी दाबली होती.”

“थांबून सांगितलं असतं तर?”

“चिडले असते.”

“चिडले. मग?”

पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “मग मी अडाणी ठरले असते.”

पुढच्या खेपेला मी विचारलं, “दहाची कोथिंबीर तुम्ही निवडून घेता ना?”

“घेते की! तिथे मी गिऱ्हाईक असते.”

“आणि दवाखान्यात?”

“तिथे उपकार घेतल्यासारखं वाटतं.” आणि स्वतःच दचकल्या. “अहो, फी तर मी भरते!”

गाठ इथे सुटली. डॉक्टर बदलून ती सुटली नसती, हे मी पैजेवर सांगतो. मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले ‘असंच व्हायला पाहिजे’चे हट्ट तपासत, काम करतो, त्यामुळे “डॉक्टरांनी मायेने बोललंच पाहिजे” यातला ‘च’ आधी खोडायला लावतो. माया मिळाली तर उत्तम. माहिती मात्र मागून घ्यायची.

मागायची कशी? अमेरिकेत 1984 साली झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचं बोलणं सरासरी 18 सेकंदांत तोडलं होतं. म्हणून सगळ्यात जास्त छळणारी तक्रार पहिल्या वाक्यात. अर्ध्या पानावर तीन ओळी: काय होतं, कधीपासून आणि किती वेळा, मनात भीती कसली आहे. तिसरी ओळ लोक गाळतात आणि “काही नाही, ठीक आहे” ऐकूनही रात्रभर जागतात. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची. उठताना अंधारी येत असेल तर पाच मिनिटं बसून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20ने किंवा त्याहून जास्त उतरला तर तो कागदावर हवाच. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. निघण्याआधी “म्हणजे मी असं करायचं ना?” म्हणून ऐकलेलं परत सांगायचं, चुका तिथेच पकडल्या जातात.

काकूंनी आकडे पुढे ठेवले: बसून 138, उभ्याने 112. डॉक्टरांनी घंटीवरचा हात काढला, दोन प्रश्न विचारले, डोस कमी केला.

एवढं करूनही कुणी ऐकत नसेल, तर खुशाल दुसरा डॉक्टर गाठा. ॲडमिट झाला असाल तर केसपेपरची प्रत लेखी मागा. नियमाप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागते.

परवा काकू बँकेत गेल्या होत्या. अर्धं पान घेऊनच.