आत्ती म्हणतात, पुढल्या जन्मी आंधळा होशील

प्रश्न : बाबांनी (वय ७४, शुगर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय) नेत्रदानाचा आणि अवयवदानाचा फॉर्म भरला आणि घरात वाद सुरू झालाय. आत्ती म्हणतात, डोळे दिलेस तर पुढल्या जन्मी आंधळा होशील. या वयात बाबांचे डोळे, अवयव चालतात का? आणि फॉर्म भरून मिळालेलं दात्याचं कार्ड आहे म्हणजे झालं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, शुगर, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातल्या कशानंच नेत्रदान अडत नाही, कारण दुसऱ्याला बसवतात ती डोळ्याच्या पुढची काचेसारखी कॉर्निया. फक्त माणूस गेल्यावर ६ तासांच्या आत काढावी लागते. आमच्या सासूबाई घरीच गेल्या, दीर पुण्याहून यायचे होते म्हणजे चार-पाच तास थांबणं आलंच, तेवढ्यात आम्ही नेत्रपेढीला फोन केला, पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा दिल्या. वीसेक मिनिटांत नेत्रपेढीच्या लोकांचं काम झालं. पंचगंगेवर नेताना चेहरा होता तसाच होता, शेजारणींना तर आम्ही सांगितलं तेव्हाच कळलं.

किडनी, लिव्हरचं मात्र वेगळं. घरी हृदय बंद पडून माणूस गेला तर ते देता येत नाहीत, पेशंट आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, ठरला तरच. डॉक्टर अवयवांसाठी माणूस मारतात असं लोक बोलतात ना, ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण १९९४ च्या कायद्यानं चार डॉक्टरांचं पॅनल दोनदा तपासतं, मधे किमान ६ तास जाऊ देऊन, आणि ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर त्यात नसतात. वयाचं म्हणाल तर अवयव कसा आहे ते तेव्हा तपासूनच ठरवतात.

आणि नुसत्या कार्डानं भागत नाही हो! त्या वेळी घरच्यांची संमती विचारतातच, आणि रडारडीत एकानं जरी मोडता घातला तरी सगळं तिथंच थांबतं. म्हणून आत्तींशी वाद नको, त्यांची भीती भावावरच्या मायेतनं आलेली आहे. एका रविवारी त्यांना जेवायला बोलवा, बाबांना शेजारी बसवा आणि हे का करायचंय ते बाबांच्याच तोंडून त्यांना ऐकू दे. नेत्रपेढीचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा, त्या दिवशी शोधायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.